श्वास मोजणारी आई

(साकोली येथील माता-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी वैद्य नाही. कला शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने पत्रकार आहे. तरीही या विषयावर बोलण्याचे निमंत्रण स्वीकारले, त्याला घरचेच कारण आहे. 1978 च्या पावसाळ्यात माझ्या वर्षभराच्या धाकट्या बहिणीला जुलाब लागले. पाणी दिले तर जुलाब वाढतील, या समजुतीने वडीलधाऱ्यांनी तिचे पाणी बंद केले. तिसऱ्या दिवशी ती गेली. घरात माया उदंड होती. उणीव होती ती माहितीची.

आणि ती माहिती तोवर जगापुढे आली होती! 1971 मध्ये बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व सोडा यांचे द्रावण रुग्णांना तोंडाने पाजण्यास प्रारंभ केला. सुमारे 30 टक्के रुग्ण दगावत होते. ते प्रमाण 4 टक्क्यांच्या खाली आले. म्हणून जुलाब लागताच मुलाला जलसंजीवनी, म्हणजेच ओ.आर.एस., घोट घोट पाजा. पाकिटावर सांगितले असेल तेवढ्याच पाण्यात ते विरघळवा. अंगावरचे दूध व नेहमीचा आहार चालू ठेवा. झिंकच्या गोळ्या आशाताईंकडून घ्या आणि जुलाब थांबले तरी 14 दिवसांचा क्रम पुरा करा.

दुसरा वैरी न्यूमोनिया. लाखांदूर ओलांडले की लागणाऱ्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1988 पासून गावातील साध्या माणसांना आणि सुइणींना हा आजार ओळखून औषध देण्यास शिकवले. त्यांनी उपचार केलेल्या बालकांतील मृत्यू एक टक्क्याहून कमी राहिले. तुलनेच्या गावांत ते सुमारे 13 टक्के होते. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी मण्यांचे एक साधन बनवले गेले : दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. निरक्षर सुईण जे करू शकली, ते आपण का करू नये?

मूल शांत असताना, रडत वा दूध पीत नसताना, त्याचे पोट उघडे करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखालील बाळाचे 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक श्वास भरले, तर ते साधे पडसे समजू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. साध्या सर्दीला मात्र प्रतिजैविक लागत नाही. उरलेल्या औषधाची बाटली पुन्हा काढू नका.

तापात मुलाला गोधडीत गुंडाळू नये. पाणी पाजावे, पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे विचारूनच द्यावे. आपला मुलूख धानाच्या बांध्यांचा, तलाव-बोड्यांचा आणि जंगलाचा. म्हणून तापात हिवतापासाठी रक्त तपासून घ्यावे. दोन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला, किंवा त्याचे अंग गार पडले, तर घरी वाट पाहूच नये.

आणखी काही खुणा मनावर कोरून ठेवा. मूल पिणे सोडते, घेतलेले सर्व ओकून टाकते, झटके येतात, हाक मारली तरी गुंगीतून जागे होत नाही, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो, शौचातून रक्त जाते, डोळे खोल जातात, लघवी होत नाही : यांपैकी एकही खूण दिसली, तर अंगारा, डाग देणे, 'सकाळी पाहू' हे सारे बाजूला ठेवा. 108 ला दूरध्वनी करा आणि रुग्णालय गाठा. वाटेत गिळता येत असेल तरच घोट पाजत राहा.

रोवणीच्या दिवसांत आई पहाटेच बांधीवर जाते आणि मूल आजीजवळ असते. म्हणून आज ऐकलेले घरी जाऊन आजीलाही शिकवा. मजुरीचा बुडालेला दिवस पुढे भरून काढता येतो. आमच्या घरी बुडालेले ते तीन दिवस कधीच भरून निघाले नाहीत.