यंत्र आपलं, सोय कुणाची?



कुठला मोबाइल घ्यावा, या विषयावर मत नसलेला माणूस आता सापडणं कठीण आहे. एस.टी. स्टँडवर, चहाच्या टपरीवर, नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्यांवर, लग्नाच्या पंगतीत, कुठंही विषय काढा. एक जण कॅमेऱ्याचे आकडे सांगेल, दुसरा बॅटरीचे, आणि तिसरा म्हणेल, ‘दोन महिने थांबा, नवीन येतोय.’ पूर्वी पावसाबद्दल जसं प्रत्येकाला काहीतरी म्हणायचं असे, तसं आता यंत्रांबद्दल असतं. तेव्हा आज मीही माझी चार मतं सांगणार आहे. मी या क्षेत्रातला तज्ज्ञ नाही. माझी फूटपट्टी मात्र पक्की आहे आणि ती नंदुरबार जिल्ह्याची आहे.

आपल्याकडे सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. तिथं घोडा घेणारा माणूस कसा पारखतो, ते पाहा. तो दात बघतो, खूर बघतो, पाठीवरून हात फिरवतो, चालवून बघतो, पळवून बघतो. घोडा दिसायला देखणा आहे एवढ्यावर तो पैसे मोजत नाही. हा आपल्याकडे, आपल्या रस्त्यावर, आपल्या चाऱ्यावर टिकेल का, हा त्याचा खरा प्रश्न असतो. हाच माणूस मोबाइलच्या दुकानात गेला, की खोक्यावरचे आकडे वाचतो आणि पैसे देऊन मोकळा होतो. यंत्रालाही ‘तू आमच्या रस्त्यावर चालशील का?’ असं विचारायला हवं, हे माझं पहिलं मत.

आपला रस्ता साधा नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. तापीकाठचा शहादा-नंदुरबारचा भाग सपाट, तर अक्कलकुवा आणि धडगावचा बराचसा भाग सातपुड्याच्या डोंगरात. एकाच कंपनीचा, एकाच किमतीचा फोन शहाद्यात एक यंत्र असतो आणि डोंगरातल्या एखाद्या पाड्यावर दुसरंच. शहाद्यात तो बँक असतो, सिनेमागृह असतो, बाजार असतो. पाड्यावर तो घड्याळ असतो, टॉर्च असतो, गाणी वाजवायची पेटी असतो, आणि उंचवट्यावर चढलात तर फोनही असतो!

आणि आपलं नवापूर! नवापूरच्या रेल्वे स्टेशनाचा काही भाग महाराष्ट्रात, काही गुजरातेत. तिकीटखिडकी एका राज्यात, स्टेशनमास्तरांची कचेरी दुसऱ्या राज्यात. फलाटावरच्या बाकावर दोन राज्यं शेजारी शेजारी बसतात. घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत होतात. माणसांना याचं काही वाटत नाही. मोबाइलला मात्र वाटायचं. राज्याची हद्द ओलांडली की रोमिंग लागायचं. सीमेलगत तर माणूस जागेवरच बसलेला असला, तरी फोनला पलीकडचा मनोरा जवळचा वाटायचा आणि तो परप्रांतात जायचा. येणारा फोन घ्यायलाही पैसे पडायचे. जून २०१५ मध्ये बीएसएनएलनं रोमिंगमधले येणारे फोन मोफत केले, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली, आणि मग हा प्रकार हळूहळू संपला. सीमेवरच्या माणसाचं भलं नव्या हँडसेटपेक्षा या एका नियमाच्या बदलानं जास्त झालं. यंत्राची सोय यंत्रात कमी आणि त्यामागच्या नियमात जास्त असते, हे माझं दुसरं मत.

आता हँडसेटविषयी. २००३ मध्ये आलेला नोकिया ११०० आठवतो का? जगभरात त्याचे २५ कोटींहून अधिक नग विकले गेले, असं सांगतात. त्यात कॅमेरा नव्हता, रंगीत पडदा नव्हता, इंटरनेट नव्हतं. टॉर्च होता. बटणांवर धूळ आत जाऊ न देणारं एकसंध रबरी आवरण होतं. हातातून निसटू नये म्हणून कडा खरबरीत होत्या. तो बनवणाऱ्यांनी शेतात, धुळीत, अंधारात वावरणारा माणूस डोळ्यांपुढं ठेवला होता, हे उघड दिसतं. आणि त्याची बॅटरी नखानं झाकण उघडून बदलता यायची.

बॅटरी बदलता येणं ही किती मोठी गोष्ट होती, ते ती गेल्यावर कळलं. जिथं वीज कधी येते आणि कधी जाते याचा नेम नाही, तिथं खिशात दुसरी भरलेली बॅटरी म्हणजे एका दिवसाची शिदोरी. आजचे फोन बहुतेक चिकटवून बंद केलेले. दोन-तीन वर्षांत बॅटरी दमली, की दुरुस्तीवाला जो आकडा सांगतो तो ऐकून माणूस नवाच फोन घेतो. आपल्याला वाटतं, ही प्रगतीची किंमत असावी. तसं नाही. युरोपीय संघानं २०२३ मध्ये कायदा केला, की फेब्रुवारी २०२७ पासून अशा लहान उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. त्यात काही अपवाद आहेत. पण मागणी केली की यंत्राचा आकार बदलतो, एवढं त्यावरून कळतं. चार्जरचंही तसंच झालं. प्रत्येक कंपनीची पिन वेगळी, हा गोंधळ तिथल्याच नियमानं मिटत आला आणि आयफोनलाही २०२३ मध्ये सर्वांसारखी ‘सी’ पिन घ्यावी लागली.

आता ब्राउझरकडे येतो. हा शब्द ऐकून काही श्रोते रेडिओचं बटण फिरवतील, पण थांबा. वेबसाइट हे गाव समजा, इंटरनेट हा रस्ता, तर ब्राउझर म्हणजे त्या गावी नेणारी गाडी. आपण ‘गूगलवर गेलो’ म्हणतो, तेव्हा बहुधा क्रोम नावाच्या गाडीत बसलेलो असतो. रस्ता सर्वांचा असेल, तर कुठलीही गाडी गावात पोचायला हवी. पण तसं नेहमी होत नाही.

२००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर ६ आला. विंडोजबरोबर तो आपोआप मिळे, म्हणून सगळीकडे तोच दिसे. साइट बनवणाऱ्यांनी मग त्या एकाच गाडीच्या रुंदीचे रस्ते बांधले. अनेक सरकारी साइटींच्या तळाशी ‘ही साइट अमुक ब्राउझरमध्येच नीट दिसेल’ अशी ओळ असायची. मराठीचे हाल तर विचारू नका. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक वर्तमानपत्राचा फाँट निराळा. तो उतरवून घेतला नाही, की अग्रलेखाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसायचा. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स आला, सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम आला, आणि एक्सप्लोररची सद्दी सरली. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टनं त्याला निवृत्त केलं.

याची झळ कोणाला बसली? शहरातला माणूस दुसरा ब्राउझर टाकून बघे. पण शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला डोंगरातून बस पकडून तळोद्याच्या किंवा शहाद्याच्या सायबर कॅफेत आलेल्या मुलाला ते कुठून कळणार? पान उघडलं नाही, की त्याच्या लेखी सरकारनंच दार बंद केलेलं असतं. परतीची बस चुकायच्या आत तो निघून जातो. अर्ज राहिला, तर कागदावर दोष त्याचा: ‘मुदतीत अर्ज केला नाही.’ दोन कंपन्यांच्या भांडणाचा हिशेब असा तिसऱ्याच्याच नावावर मांडला जातो.

आता तर सगळं ठीक आहे ना? पूर्ण नाही. आज एक्सप्लोररची जागा क्रोमनं घेतली आहे. मायक्रोसॉफ्टचा एज, ऑपेरा, ब्रेव्ह या गाड्यांचा रंग निराळा, पण आतलं इंजिन क्रोमचंच. फायरफॉक्सचं इंजिन स्वतःचं, पण त्याच्या कमाईचा मोठा भाग गूगलकडूनच येतो. अमेरिकेतल्या न्यायालयानं ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलनं शोधयंत्राच्या धंद्यात बेकायदा मक्तेदारी राखली, असा निकाल दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र क्रोम विकण्याची सक्ती करायला त्याच न्यायालयानं नकार दिला. क्रोम वाईट आहे, असं मी म्हणत नाही. तो चांगला आहे. पण गावात एकच किराणा दुकान असलं, की चांगला दुकानदारही हळूहळू तोऱ्यात बोलू लागतो.

माझा सल्ला साधा आहे. फोनमध्ये दोन ब्राउझर ठेवा. एकात पान उघडलं नाही, तर अर्ज सोडून देण्याआधी दुसऱ्यात उघडून बघा. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्ये जाहिराती अडवणारी जोडणी बसवता येते. त्यामुळं पान हलकं होतं आणि डेटा वाचतो. सिग्नलची एकच दांडी असते, तिथं ऑपेरा मिनी अजून कामाला येतो, कारण तो पान आधी आपल्या सर्व्हरवर दाबून लहान करतो आणि मग पाठवतो. बँकेचं काम मात्र अशा दाबणाऱ्या ब्राउझरमधून करू नये. मधल्या माणसाच्या हाती आपण पासबुक देत नाही, तसंच हे. हेच हलकेपण विकून यूसी ब्राउझर भारतात घरोघरी पोचला होता. जून २०२० मध्ये सरकारनं ज्या ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यांत तोही होता.

साध्या माणसासाठी कुणी काही केलंच नाही, असं नाही. फायरफॉक्सवाल्यांनी स्वस्त फोनसाठी एक प्रणाली काढली होती. ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्सनं तिच्यावरचा फोन भारतात १,९९९ रुपयांना आणला. तो चालला नाही आणि मूळ संस्थेनं तो नाद सोडला. पण तिचा पाया वापरून दुसऱ्यांनी काय-ओएस बनवलं, आणि २०१७ मध्ये बटणांच्या जिओफोनमध्ये तेच आलं. शहरात फसलेली वस्तू खेड्यात उपयोगी पडली.

शेवटचा मुद्दा आपल्या जिल्ह्याच्या जिव्हाळ्याचा. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक आपल्या शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिले गेले. पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी आले होते. बारा आकडे आणि बोटांचे ठसे यांवर देशाची ओळख उभी करण्याची सुरुवात इथून झाली. आता बोटांचं ऐका. जन्मभर कुऱ्हाड, विळा, माती आणि दगड हाताळलेल्या बोटांवरच्या रेषा झिजतात. रेशन दुकानातलं यंत्र मग अंगठा ओळखत नाही. डोळ्याची खूण, मोबाइलवर येणारा ओटीपी असे पर्याय नियमात आहेत. पण ओटीपीला सिग्नल लागतो आणि सिग्नलला उंचवटा लागतो. बाई रांगेत उभी आहे, दुकानदार तिला नावानं ओळखतो, सारं गाव तिला ओळखतं. ओळखत नाही ते फक्त यंत्र. अशा वेळी खरं कोणाचं मानायचं, हे यंत्रानं नव्हे, माणसांनी ठरवायचं असतं.

भाषेचंही तसंच. फोनला मराठीत बोललेलं कळतं, ही मोठी सोय झाली. पण आपल्या घराघरांत भिली, पावरी, मावची, अहिराणी, गुजरी बोलतात. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयानं ‘आदिवाणी’ नावाचं भाषांतराचं ॲप चाचणीसाठी खुलं केलं. त्यात संथाली, मुंडारी आणि गोंडीबरोबर भिलीही आहे. सुरुवात चांगली आहे. धडगावची भिली नवापूरपेक्षा निराळी पडते, हे त्या ॲपला शिकवणारे मात्र आपल्याच पोरांतून पुढं यायला हवेत.

तेव्हा श्रोतेहो, पुढच्या वेळी यंत्र घ्याल तेव्हा दुकानदाराला चार गोष्टी विचारा. बॅटरी बदलून मिळते का आणि कितीला? दुरुस्ती जिल्ह्यात होते का? कंपनी किती वर्षं नवे बदल पाठवणार? धुळीत, उन्हात टिकेल का? आणि जे साइटी व ॲप बनवतात, त्यांत आपल्या जिल्ह्यातून शिकून पुण्या-मुंबईला गेलेली मुलंही आहेत, त्यांना माझं एकच सांगणं आहे. तुमचं काम पुरं झालं असं वाटलं, की ते एखाद्या जुन्या, स्वस्त फोनवर घ्या, गावी या आणि धडगावच्या घाटात बसून एकदा उघडून बघा. तिथं उघडलं, तर ते देशात कुठंही उघडेल.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)