आमरीचे बीज आणि तिचे घर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बालाजी घाट येथे दिलेले व्याख्यान)



पेशवाईत उभ्या राहिलेल्या या घाटाचे महाराष्ट्राशी असलेले नाते काशीकर मराठी मंडळींना सांगावयास नको. येथील बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी वर्षानुवर्षे सनईचा रियाज केला, हेही सर्वश्रुत आहे. अशा स्थळी आम्ही वनस्पतिशास्त्रातील विषय निवडला याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु दुसऱ्याच्या आधाराने राहूनही त्याचे काही हिरावून न घेणाऱ्या वनस्पतीचा विचार परप्रांती पन्नास वर्षे नांदलेल्या मंडळात व्हावा, हे अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

ही वनस्पती म्हणजे ऑर्किड, मराठीत आमरी. झाडावर वाढणारी ती बांडगूळच, असा एक समज आहे. तो निराधार आहे. बांडगूळ आश्रयवृक्षाच्या सालीत शिरून त्याचा रस शोषते. आमरी केवळ बसावयास जागा मागते. तिच्या लोंबत्या मुळांवर पांढरे, स्पंजासारखे आवरण असते. पावसाचे व दवाचे पाणी ते टिपून घेते आणि सालीच्या खाचांत कुजलेल्या पाल्यातून थोडे क्षार मिळतात. तेवढ्यावर तिचा संसार चालतो. गंमत अशी की, सर विल्यम जोन्स यांनी १७९५ साली छापलेल्या लेखात ज्या आमरीला ‘वंदा’ हे संस्कृत नाव दिले, त्या शब्दाचा मूळ रोख बांडगुळाकडेच आहे. शास्त्राने ते नाव स्वीकारले आणि जुना गैरसमज नावापुरता चिरंजीव झाला.

जगात आमरीच्या सुमारे २८ हजार जाती असून त्यांतील बहुसंख्य उष्ण कटिबंधात, वृक्षांवर राहतात. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्याच्या तोंडावर जुन्या वृक्षांच्या खोडांवरून सीतेची वेणी लोंबू लागते. पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा तो गजरा पाहून नाव ठेवणाऱ्याच्या रसिकतेला दाद द्यावीशी वाटते. काही आमरी मात्र जमिनीवर राहतात. कासच्या पठारावर त्या पावसाळ्यात उगवतात, फुलतात आणि पुढचे कोरडे महिने जमिनीखालच्या कंदाच्या रूपाने काढतात. गंगेच्या मैदानातही जुन्या आमराईत एक वंदा आढळते. तिच्या मुळ्या ‘रास्ना’ म्हणून बाजारात विकल्या जातात, आणि तिच्यावरील संकटाचे हेही एक कारण आहे.

आता बीजाकडे वळू. आमरीचे बी धुळीच्या कणाएवढे असते. काही जातींच्या एकेका बोंडात दहा लाखांहून अधिक बिया भरतात. वारा त्या दूरवर नेतो; परंतु या प्रवाशाजवळ शिदोरी नसते. गव्हाच्या वा हरभऱ्याच्या दाण्यात अंकुरासाठी जसा अन्नसाठा असतो, तसा आमरीच्या बियांत नसतो. सालीच्या खाचेत योग्य ती बुरशी भेटली, तिचे तंतू बियांत शिरले आणि त्यांतून अन्न मिळाले, तरच अंकुर वाढतो. लाखांतून एखाददुसऱ्या बीजालाच हे भाग्य लाभते.

हे रहस्य १८९९ साली नोएल बर्नार या तरुण फ्रेंच शास्त्रज्ञाने ओळखले. फाँतेनब्लोच्या अरण्यात पालापाचोळ्याखाली त्याला आमरीची कोवळी रोपे सापडली आणि प्रत्येकात बुरशी होती. त्यापूर्वी बागाईतदार मातृवृक्षाच्या कुंडीतच बी टाकून दैवावर हवाला ठेवीत. कधी उगवे, बहुधा उगवत नसे. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेतील लुईस नड्सन यांनी दाखवून दिले की, साखर व क्षार घातलेल्या निर्जंतुक जेलीवर हे बी बुरशीवाचूनही उगवते.

आजची पद्धत त्यावरच उभी आहे. फुलाचे परागीकरण हाताने करावयाचे. बोंड हिरवे असतानाच काढून बाहेरून निर्जंतुक करावयाचे आणि स्वच्छ पेटीत चिरून आतील बी बाटलीतील जेलीवर पसरावयाचे. बाहेरचा एक कण आत गेला तरी आठवड्याभरात बुरशी माजून सारे श्रम वाया जातात. बी फुगून हिरवे गोलक बनते. मग पाने, मग मुळे. बाटलीतील दमट हवेतून निघालेली रोपे एकदम उघड्यावर ठेवली तर कोमेजतात. त्यांना हळूहळू कोरड्या हवेची सवय लावावी लागते. नंतर कोळसा, विटांचे तुकडे व नारळाचा काथ्या यांत त्यांना ठाव मिळतो. पहिले फूल येईपर्यंत बहुधा चार ते सात वर्षे जातात.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न साहजिक आहे. अरण्यातून ओरबाडून आणलेली आमरी स्वस्त पडते व लगेच फुलते, म्हणून ती खपते. तिच्याबरोबर पुढील लक्षावधी बियांचे मूळ नाहीसे होते. १९७५ पासून अमलात असलेल्या आंतरराष्ट्रीय करारान्वये साऱ्या आमरीकुलाच्या परदेशी व्यापारावर नियंत्रण आहे; तरी खेड्याच्या बाजारात काय विकले जाते, हे ग्राहकाच्या विवेकावरच अवलंबून असते. बियांपासून केलेले रोप ही त्या लुटीची उणीव भरून काढू शकते. परंतु बाटलीत रोपे वाढतात, अरण्य वाढत नाही. खडबडीत सालीचा जुना वृक्ष, त्यावरची बुरशी, परागीकरण करणारा कीटक आणि वेळेवर येणारा पाऊस, यांची एकत्र गाठ पडते तेथेच आमरीचे घर असते. वृक्ष तुटला की प्रयोगशाळेतील हजार रोपांनाही परतण्यास जागा उरत नाही.

म्हणून आमची विनंती थोडकी आहे. आमरी घ्यावयाची तर बियांपासून केलेलीच घ्यावी. आमराईतील जुने झाड केवळ फळ कमी देते एवढ्यासाठी तोडू नये. वादळात आमरीसह एखादी फांदी पडलीच, तर ती आमरी सुतळीने शेजारच्या झाडाला बांधावी. काही महिन्यांत तिची मुळे सालीला धरतील आणि सुतळी सोडून टाकता येईल.