कीटकांचे आत्मसंरक्षण

कीटकभृंगीन्याय मराठी कुटुंबांत सुपरिचित आहे. भृंगी एखादी अळी पकडून मातीच्या घरट्यात कोंडते आणि भृंगीच्या अखंड ध्यासाने ती अळीच अखेर भृंगी होऊन बाहेर पडते, असा हा समज. तद्रूपतेचा दृष्टांत म्हणून तो सुंदर आहे. परंतु घरट्यातील प्रत्यक्ष व्यवहार अगदी निराळा असतो. भृंगीने तेथे आपले अंडे घातलेले असते. त्यातून निघालेले पिलू अळीवर पोसते आणि पंख फुटल्यावर तेच उडून जाते. अळीचे रूपांतर होत नाही. तिचा आहार होतो.

या भृंगीच्या दूरच्या आप्तांपैकी काही गांधीलमाश्या घरटे बांधण्याचा खटाटोपही करीत नाहीत. जिवंत, हिंडत्याफिरत्या अळीच्या अंगात सुईसारखी नळी खुपसून त्या आतच अंडे सोडतात. पिकांचा व अरण्यांचा नाश करणाऱ्या किडींवर त्यांना सोडावे, म्हणजे विषारी औषधांवाचून काम भागेल, ही कल्पना मनुष्यास सुचली यात नवल नाही. मात्र या योजनेत एका पक्षाचा विचार पुष्कळदा राहून जातो. तो पक्ष म्हणजे स्वतः अळी. ती निमूटपणे मरण पत्करतेच असे नाही, हा धडा कॅनडातील लार्च वृक्षांच्या इतिहासाने चांगलाच शिकविला.

लार्च हा थंड प्रदेशातील सूचिपर्णी वृक्ष. त्याची पाने फस्त करणारी एक करवतमाशी आहे. अंडी घालण्यासाठी कोवळा कोंब चिरणाऱ्या तिच्या अवयवाला करवतीसारखे दाते असतात, म्हणून हे नाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्या अळ्यांनी उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील लार्चची विस्तीर्ण अरण्ये उजाड केली. कॅनडा सरकारचे कीटकशास्त्रज्ञ गॉर्डन ह्युइट यांना इंग्लंडमध्ये याच किडीवर वाढणारी ‘मेसोलियस’ नावाची गांधीलमाशी ठाऊक होती. त्यांनी १९१० ते १९१३ या काळात इंग्लंडहून किडीचे कोश आणवून त्यांतून निघणाऱ्या गांधीलमाश्या कॅनडात सोडविल्या. मॅनिटोबा प्रांतात त्या रुजल्या, वाढल्या आणि प्रारंभी कार्य सिद्धीस गेल्यासारखे दिसले.

पुढे मात्र करवतमाशीने पुन्हा उचल खाल्ली. गांधीलमाश्या नाहीशा झाल्या नव्हत्या. त्या पूर्ववत अंडी घालीत होत्या. मग अळ्या मरेनात कशा? मुल्ड्रू या संशोधकाने अळ्या उघडून तपासल्या आणि १९५३ साली त्याचे उत्तर प्रसिद्ध केले. मॅनिटोबा व सस्कॅचेवान या प्रांतांतील अळ्यांच्या अंगात गांधीलमाशीची अंडी होती खरी. परंतु त्यांच्याभोवती घट्ट आवरण बसून ती आतल्या आत मेलेली होती.

हे आवरण अळीच्या रक्तपेशींचे असते. मनुष्याच्या रक्ताप्रमाणे कीटकाच्या रक्तात विशिष्ट रोगजंतूंसाठी घडविलेली प्रतिद्रव्ये नसतात. पण परकी वस्तू ओळखणाऱ्या पेशी असतात. अंडे परके आहे असे उमगताच या पेशी त्याला चिकटतात व चपट्या होऊन पसरतात. त्यांच्यावर दुसऱ्या पेशींचा थर बसतो, त्यावर तिसरा, आणि पुष्कळदा हे वेष्टन मेलॅनिन नामक रंगद्रव्याने काळवंडते. आतील जीवाचा प्राणवायू तुटतो, त्या क्रियेत उत्पन्न होणारी विषारी द्रव्येही त्यास बाधतात आणि तो मरतो.

अळीजवळ अशी तटबंदी आहे, तर गांधीलमाशीजवळ ती फोडण्याची साधनेही आहेत. तंबाखूच्या कळ्या पोखरणाऱ्या अळीवर जगणाऱ्या ‘कॅम्पोलेटिस’ या गांधीलमाशीविषयी एडसन, व्हिन्सन, स्टोल्ट्झ व समर्स यांनी १९८१ साली एक विलक्षण गोष्ट सिद्ध केली. ही माशी अंड्याबरोबर आपल्या अंडाशयात तयार होणारे विषाणूही अळीच्या अंगात सोडते. धुऊन विषाणुरहित केलेली अंडी टोचली, तर अळीच्या पेशी त्यांना वेढतात. विषाणू सोबत दिले, तर वेढा पडत नाही. मनुष्यास रोग देणारी म्हणून परिचित असलेली जात येथे एका मातेने संततीच्या रक्षणासाठी राबविली आहे.

लार्चच्या अरण्यातही अखेर असाच उपाय शोधावा लागला. १९६० नंतरच्या दशकात बव्हेरियातून मेसोलियसचा दुसरा वाण आणण्यात आला. त्याची अंडी प्रतिकारक्षम अळ्यांच्या अंगातही तगत. त्याच दशकात युरोपातून ‘ओलेसिकॅम्पे’ नावाची दुसरी गांधीलमाशीही तेथे सोडण्यात आली. पहिल्या अपयशाचे मूळ शोधताना मात्र काही संशोधकांना एक खेदजनक शक्यता दिसली. उपकारक माश्यांसाठी इंग्लंडहून जे कोश आणले, त्यांतूनच प्रतिकारक्षम करवतमाशीही कॅनडात शिरली असावी. रोग व औषध एकाच पेटीतून आले, असा हा प्रकार.

महाराष्ट्रातील उसाच्या मळ्यांत खोडकिडीसाठी ट्रायकोग्रामा या सूक्ष्म गांधीलमाशीची कार्डे लावतात. ही माशी किडीच्या अंड्यातच आपले अंडे घालते. ताज्या अंड्यात रक्तपेशी तयारच झालेल्या नसल्यामुळे पेशींचा हा वेढा तेथे पडत नाही. शत्रूचा तट उभा राहण्यापूर्वीच आत शिरण्याचा हा मार्ग होय.

औषधाची मात्रा मोजून देता येते; जिवंत साहाय्यकाचे तसे नाही. तो सोडल्यानंतरही शेतात पाहणी करावी लागते, आणि ती केवळ माश्या किती उडतात एवढ्यापुरती नव्हे. अंडी घातली गेली म्हणजे कीड मेली असे मानून चालत नाही. अधूनमधून काही अळ्या उघडून आतील अंडे जिवंत आहे की काळ्या आवरणात मरून पडले आहे हे पाहणे, हाच या विद्येतील खरा हिशेब आहे. मॅनिटोबाच्या अरण्यात माश्या शेवटपर्यंत उडत होत्या. लार्चची झाडे मात्र तेवढ्याने वाचत नव्हती.