पडद्यावरचा आकडा आणि टाकीतलं डिझेल



आपल्या गटांचा माल आता तालुक्याच्या बाजारापुरता राहिलेला नाही. चटण्या, पापड, कडधान्यं, गोधड्या घेऊन गट नवी मुंबईपर्यंत जातात. कुणी वाशीला प्रदर्शनात स्टॉल लावतं, कुणी एपीएमसी मार्केटला माल पोचवतं. गाडी भाड्याची आणि डिझेल गटाचं, असा व्यवहार पुष्कळ ठिकाणी ठरतो. मग गाडीच्या पडद्यावरचे दोन आकडे आपल्या पैशाशी जोडले जातात. एक म्हणजे गाडी लिटरला किती पळते, आणि दुसरा म्हणजे टाकीतल्या डिझेलवर अजून किती किलोमीटर जाईल. या आकड्यांवर किती विसंबायचं, ते आज बघू.

आधी हे आकडे येतात कुठून? टाकीत एक तरंगता गोळा असतो. डिझेल उतरलं की तोही खाली येतो, आणि त्यावरून टाकीत किती लिटर उरलं ते गाडीला समजतं. चढावर गाडी तिरकी झाली की टाकीतलं डिझेल एका बाजूला सरकतं आणि हा अंदाज हलतो. इंजिनात डिझेल फवारणारी तोंडं किती वेळ उघडी होती, त्यावरून किती जळालं याचा हिशेब गाडीतला छोटा संगणक करतो. अंतर मोजलं जातं ते चाकाच्या फेऱ्यांवरून. टायर झिजला की एका फेऱ्यात गाडी थोडी कमी पुढे जाते, पण मोजणी नव्या टायरच्या हिशेबानंच चालते. म्हणजे हे सगळे अंदाज आहेत, आणि बऱ्याचदा पडद्यावरचं मायलेज खऱ्यापेक्षा थोडं जास्तच दिसतं.

‘अजून किती किलोमीटर’ हा आकडा तर अंदाजावरचा अंदाज आहे. उरलेले लिटर गुणिले गेल्या काही किलोमीटरचं मायलेज, एवढाच तो हिशेब. मागच्या आठवड्यात घरात चारच माणसं जेवत होती, म्हणून डब्यातलं पीठ दहा दिवस पुरेल असं आपण म्हणावं, आणि उद्या दहा पाहुणे दारात उभे राहावेत, तसंच हे. गाडीला मागचं माहीत असतं. पुढे घाट आहे, हे तिला माहीत नसतं.

आपल्याच रस्त्याचं उदाहरण घ्या. पुण्याकडून नवी मुंबईला जाताना लोणावळा सोडलं की बोरघाटाचा उतार लागतो. गाडी गिअरमध्ये असते आणि पाय एक्सलरेटरवर नसतो, तेव्हा इंजिनात डिझेल जवळजवळ जातच नाही. मायलेजचा आकडा चढतो, पुढच्या किलोमीटरचाही फुगतो. समजा, खाली उतरल्यावर टाकीत १० लिटर आहे आणि पडदा २० च्या मायलेजनं २०० किलोमीटर दाखवतोय. वाशीहून पुणं साधारण सव्वाशे किलोमीटर. मनात येतं, परत जाऊनही उरेल! पण परतताना वाशी-कळंबोलीची गर्दी, एसी, गाडीत माणसं आणि सामान, त्यात घाटाचा चढ. गाडीनं लिटरला १२ च दिले, तर १० लिटरमध्ये १२० किलोमीटर. पुण्याच्या अलीकडंच गाडी थांबेल, आणि द्रुतगती मार्गावर रात्री बंद पडलेली गाडी म्हणजे जिवाशी खेळ.

उताराचीच आणखी एक गोष्ट. डिझेल वाचवायला काही चालक घाटात गाडी न्यूट्रल करतात. त्यानं वाचत काहीच नाही. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतंच, आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. ‘दादा, गाडी गिअरमध्येच राहू द्या’ असं सांगायला संकोच करू नका.

भाडं ठरवताना कंपनीच्या कागदावरचं मायलेजही धरू नका. तो आकडा पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी रोलरवर ठरलेल्या पद्धतीनं चालवून, एसी बंद ठेवून काढलेला असतो. दोन गाड्यांची तुलना करायला तो चांगला आहे. आपल्या रस्त्यावरचा खर्च त्यातून कळत नाही.

मग खरं मायलेज कसं काढायचं? वही आणि पेन पुरे. निघताना टाकी फुल करा. पंपाचा नोजल पहिल्यांदा आपोआप बंद पडेल तिथंच थांबा, आणि किलोमीटरचा आकडा लिहा. समजा ४१,२०० आहे. परत आल्यावर शक्यतो त्याच पंपावर तशीच टाकी फुल करा. आता ४१,६२० आहे आणि २८ लिटर बसलं. ४२० भागिले २८, म्हणजे १५. पडदा १७ दाखवत असेल, तर त्याच्या हिशेबानं जेमतेम पावणेपंचवीस लिटरच लागायला हवं होतं. सव्वातीन लिटरचा फरक. डिझेल ९० रुपये धरलं, तर एका फेरीत सुमारे ३०० रुपये. महिन्याला चार फेऱ्या झाल्या तर १,२०० रुपये. हे पैसे चटणीच्या भावात धरले नाहीत, तर गटाच्या खिशातून जातात.

हाच फरक पुढे करून चालकावर चोरीचा आळही घेऊ नका. तीन-चार फेऱ्यांची नोंद ठेवा, मग बोला. वहीतलं मायलेज अचानक घसरलं, तर टायरमधली हवा, गाडीचं सर्व्हिसिंग आणि पंपाची पावती तपासा. पंपावर भरण्याआधी शून्य बघायचंच. मापाबद्दल शंका असेल तर ५ लिटरच्या प्रमाणित मापानं मोजून दाखवायला सांगा. तो ग्राहकाचा हक्क आहे.

आणि एक नियम गटात ठरवून टाका. टाकी पाव भागावर आली की पडदा काहीही सांगो, डिझेल भरायचं. द्रुतगती मार्गावर चढण्याआधी तर नक्कीच. न्हावाशेव्याहून शिवडीला जाणारा अटल सेतू जवळजवळ २२ किलोमीटरचा आहे. त्यावर पंप नाही आणि थांबायची सोयही नाही, म्हणून त्याआधीही टाकी बघायची. तरीही गाडी बंद पडलीच, तर कडेला घ्या, दिवे लुकलुकते ठेवा, सगळ्या जणी कठड्यापलीकडे सुरक्षित उभ्या राहा आणि ११२ ला फोन करा.

पुढच्या फेरीला मालाच्या वहीत शेवटचं पान गाडीसाठी ठेवा. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये असे चार रकाने आखा. भाडं ठरवायला बसाल, तेव्हा ते पान उघडून पुढे ठेवा.