निदानानंतरची सोबत



पेशींमध्ये एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जादा असल्याने जन्मतःच उद्भवणाऱ्या अवस्थेला डाउन सिंड्रोम म्हणतात. जॉन लँगडन डाउन यांनी १८६६ साली तिचे वर्णन केले आणि झेरोम लेज्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली तिचे कारण जगापुढे मांडले. सुमारे ८०० जन्मांमागे एक असे तिचे प्रमाण असूनही, ज्या घरात हे निदान पोहोचते त्या घराला हे संकट आपल्यावरच कोसळले असे वाटते; म्हणूनच उपचारांच्या जोडीने अनुभवी पालकांची सोबत ही आरोग्यसेवेची जबाबदारी मानली गेली पाहिजे.

सुरतेत या प्रश्नाला एक खास पदर आहे. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे यंत्रमाग व कापडधंद्यावर जगतात. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जळगाव, धुळे वा नंदुरबारकडे जाते, निदान तिथे होते आणि बाळाचे वडील इकडे पाळीवर असतात. पुढे उपचार सुरतेत सुरू होतात, तेव्हा कागद एका राज्यातले, दवाखाना दुसऱ्या राज्यातला आणि आईच्या ओठी अहिराणी, अशी कोंडी होते.

त्यातच ग्रहण पाळले नाही, सुनेचेच काही चुकले, असे बोल आईला ऐकावे लागतात. वास्तविक बहुतेक बाळांत हा बदल गुणसूत्रांच्या विभाजनातील आकस्मिक चुकीमुळे होतो. थोड्या बाळांत तो गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला जोडला गेल्याने होतो व कधी पालकांकडून येतो, म्हणून तेव्हा त्यांचीही तपासणी करतात. डॉक्टरांनी सांगितलेले हे शास्त्र, तेच बोल सोसून उभी राहिलेली दुसरी आई घरी येऊन सासूसमोर सांगते, तेव्हा ते घरात रुजते.

स्तनपानाचेही तसेच आहे. स्नायू सैल असल्याने बाळ नीट ओढत नाही, दूध ओठांच्या कडेने ओघळते, बाळ पाजता पाजता झोपी जाते आणि आईलाच दूध नाही असे ठरवले जाते. अशा वेळी तळहाताने स्तन पेलून, अंगठा व तर्जनीने बाळाची हनुवटी व गाल कसे सावरायचे, हे अनुभवी आई शेजारी बसून दाखवू शकते.

अमेरिकेतील ओमाहा येथे १९७१ साली पालकांनी पालकांना आधार देण्याचा असा उपक्रम सुरू झाला. त्याचे मर्म प्रशिक्षणात आहे: सोबती पालकाने ऐकावे, गुप्तता पाळावी, चमत्काराची आशा दाखवू नये आणि औषध सुचवू नये. डाउन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या बाळांना जन्मजात हृदयदोष असतो, थायरॉइड व श्रवणाच्या तपासण्याही वेळच्या वेळी लागतात. तेव्हा कुटुंबाला बालरोगतज्ज्ञांपर्यंत आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रापर्यंत पोहोचवणे हेही सोबत्याचेच काम ठरते.

म्हणून या परिषदेने एवढा आग्रह धरावा की, प्रत्येक प्रसूतिगृहात व हस्तक्षेप केंद्रात मराठी, गुजराती आणि हिंदी बोलणाऱ्या प्रशिक्षित पालकांची यादी असावी, कुटुंबाच्या संमतीने पहिल्याच आठवड्यात त्यांची भेट घडावी, आणि ती वडिलांच्या पाळीची वेळ सांभाळून ठरवावी. पैशाने हे काम फार मोठे नाही. ते कोणाचे, हे ठरवून देण्याची गरज आहे.