सुलभा देशपांडे : रंगभूमीचा ताळेबंद

(भिवंडी येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



यंत्रमागांच्या या गावात एका अभिनेत्रीच्या कारकिर्दीविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु सुलभा देशपांडे यांच्या सुमारे पाच दशकांच्या वाटचालीत कलेइतकाच श्रमाचाही प्रश्न आहे, आणि श्रमाचा प्रश्न भिवंडीला परका नाही.

हातमागाच्या जागी यंत्रमाग आला तेव्हा एका विणकराच्या हातून निघणारे कापड अनेक पटींनी वाढले. नाटकाचे तसे होत नाही. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकातील लीला बेणारेच्या अखेरच्या स्वगताला १९६७ साली जेवढा वेळ आणि जेवढा जीव लागला, तेवढाच आजही लागतो. बॉमोल आणि बोवेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली नेमके हेच दाखवून दिले. इतर धंद्यांत उत्पादकतेबरोबर वेतन वाढते. प्रयोगकलेत उत्पादकता जवळजवळ तेथेच राहते, खर्च मात्र वाढत जातो. ही तूट कोणीतरी भरावीच लागते : सरकारने, प्रेक्षकाने, नाही तर खुद्द कलावंताने.

१९३७ साली जन्मलेल्या सुलभाताई दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. ‘रंगायन’ने तेंडुलकरांचे ‘शांतता!’ रंगभूमीवर आणले, ते अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली. त्यातील बेणारे सुलभाताईंनी उभी केली. बेणारेही शाळेतील शिक्षिकाच. अविवाहित, गरोदर अशा त्या स्त्रीला सभ्य म्हणवणारी माणसे खेळातल्या न्यायालयात उभे करतात आणि खरोखरीची शिक्षा सुनावतात. तिच्या स्थितीला जबाबदार असलेले प्राध्यापक दामले मात्र तेथे फिरकतही नाहीत. १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी या नाटकाचा चित्रपट केला, तेव्हाही बेणारे सुलभाताईच होत्या.

त्याच वर्षी अरविंद देशपांडे, अरुण काकडे आणि सुलभाताई यांनी ‘आविष्कार’ची स्थापना केली. १९७४ पासून छबिलदास शाळेचे सभागृह हे प्रायोगिक नाटकाचे घर झाले. मोठ्या नाट्यगृहांचे भाडे न परवडणाऱ्या अनेक संस्थांनी तेथे प्रयोग केले. म्हणजे तुटीचा एक वाटा शाळेच्या वास्तूने उचलला आणि उरलेला कलावंतांनी आपल्या श्रमाने. मुलांसाठी ‘चंद्रशाळा’ उभी राहिली. ‘दुर्गा झाली गौरी’ हे तिचे नाटक पुढे अनेक वर्षे होत राहिले. सुलभाताईंनी मुलांसाठी ‘राजा रानी को चाहिए पसीना’ हा चित्रपटही १९७८ साली दिग्दर्शित केला.

चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांचे गणित यंत्रमागाच्या जवळचे आहे. काम एकदा चित्रित होते आणि लाखोंना दाखवता येते. म्हणून तेथे मेहनतान्याला जागा असते. परंतु पैसा देणारा बाजार साचाही ठरवतो. बेणारेसारखी भूमिका पेललेल्या या अभिनेत्रीच्या वाट्याला ‘भूमिका’त (१९७७) आई आली, ‘इंग्लिश विंग्लिश’मध्ये (२०१२) सासू आली, आणि उतारवयात मालिकांतील आजी. या छोट्या भूमिकाही त्यांनी कधी उरकल्या नाहीत. पण स्त्रीचे वय वाढले की बाजाराला तिच्यात एवढेच दिसते, ही गोष्ट त्यातून लपत नाही.

१९८७ साली अरविंद देशपांडे गेले. त्याच वर्षाचा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार सुलभाताईंना मिळाला. ४ जून २०१६ रोजी त्यांचे निधन झाले, तोवर ‘आविष्कार’ चालू होती.

अशा माणसांच्या त्यागाचे गोडवे गाऊन मोकळे होणे ही समाजाची पळवाट आहे. गिरणीत वा मागावर फुकट राबणाऱ्याला आपण त्यागी म्हणत नाही, शोषित म्हणतो. तोच न्याय कलावंताला का नसावा? सार्वजनिक पैसा रंगभूमीला हवा, तो उपकार म्हणून नव्हे, तर शाळा आणि वाचनालय यांना हवा तसा.

सुरुवात मोठ्या नाट्यगृहाच्या मागणीने करण्याचे कारण नाही. छबिलदासला लागले ते एक सभागृह, थोडे दिवे आणि जागा देण्याची तयारी. भिवंडीत मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू बोलणारी कामगारांची मुले आहेत, आणि १९७० व १९८४ च्या दंगलींची आठवणही आहे. महापालिकेच्या शाळांची सभागृहे संध्याकाळी या मुलांच्या नाटकांसाठी उघडावीत, ही मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरावी. एका मुलाने दुसऱ्याच्या भाषेतली भूमिका करणे हे शंभर शांतता-सभांहून अधिक काम करील.