बाळाचा लंगोट बदलताना



भिवंडी हे कापडाचे गाव आहे. धामणकर नाक्यावर घटकाभर उभे राहिले, तरी सुताच्या गोण्या आणि कापडाचे तागे वाहून नेणारी वाहने एकामागून एक जाताना दिसतात. उत्तर प्रदेशातून आणि तेलंगणातून आलेली विणकर कुटुंबे व येथील मूळचे रहिवासी यांच्या कष्टांवर या शहरातील यंत्रमागाचा धंदा वाढला. अशा गावात आजचा विषय आहे तो हातभर कापडाचा, म्हणजे बाळाच्या लंगोटाचा.

हा विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु थोडा हिशेब करून पाहावा. पहिल्या वर्षी दिवसातून आठ वेळा आणि दुसऱ्या वर्षी सहा वेळा लंगोट बदलावा लागतो असे धरले, तरी दोन वर्षांत हे काम ५,११० वेळा करावे लागते. प्रत्येक वेळी पाच मिनिटे गेली, तर एकूण सव्वाचारशे तास होतात. एवढा काळ बाळ आणि त्याची काळजी घेणारे माणूस एकमेकांसमोर असतात. तो काळ झटापटीत घालवावयाचा की सहवासात, हा खरा प्रश्न आहे.

यंत्रमाग कामगाराचे घर डोळ्यांसमोर आणावे. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या. रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा त्याच एका खोलीत झोपलेला. स्टोव्हवर भात शिजत आहे आणि नळाला पाणी आले आहे. अशा वेळी बाळ ओले होते. आई घाईघाईने त्याला उचलते, आडवे टाकते आणि लंगोट ओढून काढते. अंगाला एकदम गार हवा लागते, बाळ दचकते व रडू लागते. बापाची झोपमोड होऊ नये म्हणून आई अधिकच घाई करते आणि बाळ अधिकच हातपाय झाडते. शेवटी एखादी चापटी बसते. यात कोणाचाच दोष नसतो. पण हेच दिवसातून आठ वेळा घडू लागले, म्हणजे आईला या कामाचा वीट येतो आणि बाळाला त्याची धास्ती बसते.

तयारी आधी, बाळ मागाहून

या झटापटीचे पहिले कारण म्हणजे अपुरी तयारी. बाळाला निजवल्यावर कपडा शोधावयाचा, मग पाण्यासाठी उठावयाचे, असे झाले की वेळ दुप्पट लागतो. यासाठी घरातील एक कोपरा ठरवून घ्यावा. एखाद्या टोपलीत किंवा पत्र्याच्या डब्यात घडी केलेले लंगोट, दोन दुपटी, पुसण्यासाठी मऊ फडकी आणि खोबरेल तेलाची लहान बाटली कायम भरलेली असावी. कोमट पाण्याचे भांडे जवळ असावे. मात्र बाळाचा हात पोहोचेल इतके जवळ नसावे. ओले कपडे टाकण्यासाठी झाकणाची बादली शेजारी ठेवावी.

खाट किंवा टेबल यांपेक्षा जमिनीवर अंथरलेली गोधडी अधिक सुरक्षित होय. काल कुशीवर न वळणारे बाळ आज वळते, आणि ते कोणाला आगाऊ सांगून वळत नाही. उंचावर बदलावयाचेच असल्यास एक हात सतत बाळाच्या अंगावर असला पाहिजे.

कापडासाठी दूर जाण्याची गरज नाही. अनेकदा धुतल्याने मऊ झालेली सुती साडी किंवा धोतर हे लंगोटासाठी उत्तम कापड होय. मागावरून नुकतेच उतरलेले कोरे कापड मात्र खळीमुळे कडक असते. ते दोन-तीन वेळा गरम पाण्यात धुतल्याशिवाय बाळाच्या अंगाला लावू नये. लंगोट कमरेला आवळून बांधू नये. बाळाचे पाय बेडकासारखे दुमडून मोकळे राहतील, अशी बांधणी असावी. पाय सरळ करून घट्ट गुंडाळण्याची रीत खुब्याच्या सांध्याला अपायकारक ठरू शकते.

त्वचेची निगा

स्वच्छता करताना, विशेषतः मुलींच्या बाबतीत, नेहमी पुढून मागे पुसावे. तसे केल्याने शौचातील जंतू मूत्रमार्गाकडे जात नाहीत. मुलाची पुढची कातडी ओढून मागे घेऊ नये. जांघेतील घड्या हलक्या हाताने टिपून कोरड्या कराव्यात, घासू नयेत. पावडरचे बारीक कण श्वासाबरोबर छातीत जातात, म्हणून पावडर टाळावी. दिवसातून दोन-तीन वेळा दहा-पंधरा मिनिटे बाळाला लंगोटाविना मोकळे ठेवावे. पुरळावर याइतका स्वस्त उपाय नाही. लाली दोन-तीन दिवसांत कमी झाली नाही, घड्यांमध्ये लाल ठिपके उठले किंवा पाणी सुटू लागले, तर डॉक्टरांना दाखवावे.

लहान बाळाची शी निरुपद्रवी असते, हा समज चुकीचा आहे. तिच्यातूनही जुलाबाचे जंतू पसरतात. म्हणून ती संडासातच टाकावी आणि प्रत्येक वेळी हात साबणाने धुवावेत. लंगोट वेगळे धुवावेत, साबणाचा अंश राहू नये इतके खळबळावेत आणि उन्हात वाळवावेत. पावसाळ्यात कापड वाळत नाही. त्यासाठी जादा जोड ठेवावेत व दमट कपड्यावरून इस्त्री फिरवावी.

लंगोट हे आईला मिळणारे एक साधनही आहे. जन्मानंतरचा पहिला आठवडा सरल्यावर बाळ दिवसरात्रीत सहा किंवा अधिक वेळा ओले होत असेल, तर त्याला दूध पुरत आहे असे सामान्यतः समजावे. हे प्रमाण एकाएकी कमी झाले, बाळ मलूल दिसू लागले किंवा जुलाब होऊ लागले, तर आरोग्य केंद्रात नेण्यास विलंब करू नये.

बाळाला सांगून करावे

तयारी झाली, स्वच्छता झाली, तरी एक गोष्ट उरते आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. लंगोट बदलणे हे बाळावर करावयाचे काम नव्हे. ते बाळाच्या सोबतीने करावयाचे काम आहे.

हा विचार हंगेरीतील बालरोगतज्ज्ञ डॉ. एमी पिक्लर (१९०२–१९८४) यांनी प्रत्यक्षात आणून दाखविला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, त्यांनी बुडापेस्ट येथील लोत्सी रस्त्यावर घराला पारख्या झालेल्या बालकांसाठी निवासी बालसदन सुरू केले. मुले अनेक आणि सांभाळणाऱ्या स्त्रिया थोड्या, अशी तेथील स्थिती होती. डॉ. पिक्लर यांनी नियम घातला की स्नान, भरविणे आणि लंगोट बदलणे या वेळी सेविकेचे पूर्ण लक्ष त्या एकाच बालकावर असावे. काय करणार ते तिने बालकाला आधी सांगावे, त्याच्या प्रतिसादाची क्षणभर वाट पाहावी आणि मगच हात लावावा. आईविना वाढणाऱ्या त्या बालकांना रोजच्या या साध्या कामांतून माणसाचा स्पर्श आणि विश्वास मिळाला.

हा विचार महाराष्ट्राला परका नाही. तेव्हाच्या ठाणे आणि आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्राचे कार्य आरंभिले. शाळेत न येणाऱ्या मुलांच्या अंगणात शाळाच गेली आणि त्यातून ‘अंगणवाडी’ ही कल्पना रुजली. शरीराची स्वच्छता हा तेथे शिक्षणाचाच भाग होता. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला.

घरी हे कसे साधावे? बाळाला उचलण्यापूर्वी त्याच्या नजरेसमोर यावे. ‘‘चल सोन्या, ओला लंगोट काढू या,’’ असे सांगून दोन्ही हात पुढे करावेत. ‘‘आता पाय वर,’’ म्हणून क्षणभर थांबावे. पहिल्या महिन्यात बाळाला शब्द कळत नाहीत. परंतु तोच आवाज, तेच शब्द आणि तोच क्रम रोज लाभला, तर पुढे काय होणार हे त्याला उमजू लागते. काही महिन्यांनी हेच बाळ आपण होऊन पाय उचलते. यासाठी लागणारा वेळ अर्ध्या मिनिटाहून अधिक नाही आणि रडणे टळल्याने तो भरूनही निघतो. माग चालू असताना बोलणे ऐकू येत नसेल, तेथे नजर आणि हाताचा संथ स्पर्श हीच भाषा होय.

रांगते आणि चालते मूल

आठ-नऊ महिन्यांनंतर मूल आडवे पडून राहण्यास तयार नसते. त्याला धरून दाबण्यात अर्थ नाही. खेळात रमलेल्या मुलाला मध्येच उचलू नये. ‘‘ही वाटी भरून झाली की लंगोट बदलायचा,’’ असे आधी सांगावे. हातात खुळखुळा किंवा स्वच्छ लंगोटच धरावयास द्यावा. उभे राहणाऱ्या मुलाला भिंतीचा आधार देऊन उभ्यानेच बदलता येते. ‘‘लाल चड्डी की निळी?’’ असे विचारल्यास मूल नकार विसरून निवड करू लागते.

‘‘शी, किती घाण!’’ असे उद्गार मात्र कटाक्षाने टाळावेत. मूल ते शब्द आपल्या शरीराला लावून घेते आणि पुढे शौचाची सवय लावताना लपू लागते. साधारणतः दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान मूल दोन-दोन तास कोरडे राहू लागते, सांगू लागते आणि चड्डी खाली ओढू शकते. ही लक्षणे दिसू लागल्यावर सवय लावावी. त्यात शेजारच्या मुलाशी स्पर्धा नको.

वडिलांचा वाटा आणि शहराचा वाटा

हे काम केवळ आईचे आहे, असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही. जे हात मागावरचा तुटलेला धागा अचूक सांधतात, त्यांना लंगोटाची गाठ कठीण नाही. पाळीवरून आल्यावर हात-पाय स्वच्छ धुऊन वडिलांनी दिवसातून एकदा जरी हे काम केले, तरी आईला उसंत मिळेल आणि बाळाला वडिलांचा स्पर्श लाभेल.

प्रवासात किंवा रात्री तयार डायपर वापरण्यास हरकत नाही. परंतु तो भरेपर्यंत काढावयाचाच नाही, असे होऊ नये. वापरलेला डायपर गटारात किंवा नाल्यात टाकल्यास पावसाळ्यात पाणी तुंबते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी अशा डायपरची गणना स्वच्छताविषयक कचऱ्यात केली आणि तो गुंडाळून देण्याची जबाबदारी नागरिकांवर टाकली. त्यातील शी संडासात टाकून, डायपर कागदात नीट गुंडाळून वेगळा दिला, तर सफाई कामगाराच्या हातांचेही रक्षण होते.

माता-भगिनींनो, या सर्वांस फारसा खर्च नाही. एक भरलेली टोपली, साबणाची वडी, जुन्या साडीचे तुकडे आणि बाळाला आधी सांगण्याची सवय, एवढेच पुरेसे आहे. शंका आल्यास अंगणवाडीतील ताईंना किंवा घरी येणाऱ्या आशाताईंना निःसंकोचपणे विचारावे. आज घरी गेल्यावर बाळ ओले झालेले आढळले, तर आधी त्याच्याकडे पाहून दोन शब्द बोलावेत आणि मग लंगोटाला हात घालावा. सुरुवात तेथूनच करता येईल.